भरती चढते तिथवर मावशीचं

पाण्याकडेच्या जमिनीला शहरातली माणसं 'किनारा' म्हणतात आणि मोकळी होतात. आमच्याकडे तेवढ्यावर भागत नसे. वाळू असली तर पुळण, खडक असला तर कातळ, आणि जिथं भरतीला खारं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं आणि जाताना मागे गुडघाभर चिखल नि खेकड्यांची बिळं ठेवून जातं, ते खाजण. ना धड जमीन, ना धड समुद्र. त्यात नांगर चालत नाही आणि होडीही चालत नाही. एकदा एक नवा पोस्टमन आला होता. वळसा वाचवायचा म्हणून तो खाजणातून निघाला. माणूस बाहेर आला, बूट आले नाहीत. ते सरकारी बूट आता खेकडे पाळीपाळीनं घालतात, असं आम्ही म्हणायचो. आणि एखादा माणूस हो म्हणेना नि नाहीही म्हणेना, असा असला की जाणती माणसं सांगायची, "त्याचं खाजण आहे बाबा, पाय जपून टाक."

त्या शब्दाची एक गंमत मात्र सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी कधी बोलून दाखवलेली नव्हती. पाणी चढायचं थांबलं की ते खाजण राहत नाही. मग त्याला शेत म्हणायचं. माझ्या मावशीची गोष्ट सांगायची ती एवढ्याचसाठी.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिच्यावर एक भाऊ, तो माझा मामा. मावशीचं लग्न झालं, आणि दोन पावसाळे नाही गेले तोवर नवऱ्यानं तिला तिच्या पत्र्याच्या पेटीसकट बापाच्या दारात आणून सोडलं. कारण काय, तर ही उलट बोलते. आता मावशी उलट बोलायची हे खरं, पण तो नवरा सरळ काय बोलत होता, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून ती माहेरच्या मागच्या खोलीत राहायला लागली. कांद्याची पोती, सायकल, जुने कंदील आणि मावशी, अशी ती खोली होती. पोती आणायची झाली की मामी दारातून म्हणायची, "उठा जरा." पाहुणे आले की, "उठा, तिथं अंथरूण घालायचंय." जेवायला बसली की, "उठा, यांना आधी वाढते." मावशी आईला सांगायची, "अगं, मला नाव ठेवलंय की नाही बापानं? या घरात माझं नाव ऊठ."

ती धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. बर्फाच्या लाद्या साच्यातून काढायच्या, आकड्यानं ओढायच्या, भुशात गुंडाळायच्या. हात कायम लाल आणि बोटांना भेगा. हिवाळ्यात मी एकदा विचारलं, "मावशी, थंडी नाही वाजत?" म्हणाली, "घरच्यापेक्षा तिथं ऊब आहे."

आजोबा थकले तेव्हा वाटणी झाली. वाटणी म्हणजे काय, एक शेत आणि शेताच्या खालचं खाजण. माझी आई म्हणाली, मला काही नको, माझं माझ्या घरी बरं आहे. राहिली दोघं. आजोबा पडवीत खाटेवर होते, शेजारपाजारची चार माणसं बसलेली होती आणि त्यात होडीवाले नावाडीबाबा होते. आजोबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, कागदाबिगदाचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, "भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर पोरीचं. त्याच्या वरचं पोराचं."

मामा खाली मान घालून हसला. चार माणसंही हसली. बापानं पोरीला समुद्र दिला, असं पुढे कितीतरी दिवस धक्क्यावर चाललं होतं. आजोबांच्या मनात काय होतं देव जाणे. दिलं नाही असं कुणी म्हणू नये आणि दिल्यासारखं काही जाऊही नये, असंच असावं. मावशीनं मात्र पदर सावरला आणि म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं."

आजोबा गेले, आणि दुसऱ्या महिन्यापासून मावशी खाजणात उतरली.

तिच्या डोक्यात काय होतं ते तिनं फक्त मला सांगितलं, कारण मी नुकता गवंडीकामाला लागलो होतो आणि मला दगड कळायचा. तिला खाजणाला बांध घालायचा होता. बांधाच्या आत एक खोली बांधायची होती, एवढीच, एका माणसापुरती. "जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही अशी एक जागा पाहिजे रे," म्हणाली. "बाकी काय, पिकलं तर पिकलं."

बांध घालायची रीत अशी. ओहोटीला चिखल उघडा पडला की रुंद पात्याच्या फावड्यानं त्याच्या विटा कापायच्या. वीट कसली, लादीच. आणि लाद्या उचलायचा हात तर मावशीला होताच. खाली काटक्यांचा थर, वर चिखलाची लादी, पुन्हा काटक्या, पुन्हा लादी. भरती यायच्या आत जेवढं होईल तेवढं. भरती आली की अर्धं खाऊन जाणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा. कारखान्यातून येताना ती फाटकी पोती आणायची, शिंपल्यांचा चुरा आणायची, बर्फाचा ओला भुसा आणायची, आणि सगळं बांधात जायचं. वाटेवरची माणसं विचारायची, "काय बाई, समुद्र आडवताय?" ती म्हणायची, "नाही हो, वहिनीला आडवतेय."

बांधात पाणी जायला एक तोंड ठेवावं लागतं, आणि त्या तोंडाला झडप. ही झडप म्हणजे खरी हुशारी. जाड लाकडी फळी, वरच्या कडेला खुंट्यांवर टांगलेली, खाडीच्या बाजूला उघडणारी. भरती आली की तेच पाणी फळीला ढकलून बंद करतं, आणि ओहोटी झाली की आतलं पावसाचं पाणी तिला उघडून बाहेर जातं. चोरानंच घराला कुलूप लावावं तसं. दगडी चौकट मी बसवली. फळी मावशीनं मोडक्या होडीची आणली होती. पहिल्या भरतीला आम्ही दोघं बांधावर उभे होतो. पाणी आलं, फळी थडकन बसली, आणि आत थेंब नाही. मावशीनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा श्वास अडकला.

नंतरचे पावसाळे नुसते धुण्यात गेले. पाऊस पडायचा, मातीतलं मीठ विरघळायचं, झडपेतून बाहेर जायचं. पहिली दोन वर्षं गवतसुद्धा नाही. मग एका कोपऱ्यात मुळे आले, बोटाएवढे आणि असले खारट की मीठ न घालता खावेत. मावशीनं ते घरोघर वाटले. मामीनं एक चावला आणि म्हणाली, "माणसासारखंच पीक आलंय." पण पुढच्या वर्षी भोपळे आले, त्याच्या पुढे कांदे, आणि मग ती जमीन अशी काही फुलली की काय सांगू. गाळाची ती, वर्षानुवर्षं समुद्रानं आणून टाकलेली. वरच्या शेतातला कांदा लिंबाएवढा आणि खालच्यातला मुठीएवढा.

आणि इथून मामा बदलला. आधी तो खाली बघतच नव्हता. आता संध्याकाळी बांधावर फेऱ्या मारायला लागला, हात मागे बांधून, पाहणी करायला आलेल्या साहेबासारखा.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि तेच महत्त्वाचं आहे. मामाचं शेत आणि खाजण यांच्यामध्ये पणजोबांनी घातलेला एक जुना उंच बांध होता. उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती यायची तेव्हा त्याच्यामुळे पाणी शेतात शिरत नसे. मावशीचा बांध झाल्यावर त्या जुन्या बांधापर्यंत पाणी येईनासंच झालं. मामानं तो फोडला. चांगली माती होती, ती अंगणात टाकली, आणि बांधाच्या जागी कांद्याच्या चार ओळी वाढवल्या.

मावशी तेव्हा म्हणाली होती, "दादा, तो राहू दे. बापजाद्यांचा आहे, कशाला काढतोस?"

"आता काय करायचाय तो? तुझी झडप आहे ना!"

"माझ्या झडपेवर तुझं शेत टांगतोस होय?"

"घरचीच ना ती," मामा हसून म्हणाला.

मग मावशीनं खोलीचं काम काढलं. मी जोतं आखून दिलं, चार कोपऱ्यांना खुंट्या, दोरी, आणि एका रविवारी कोपऱ्यांचे चार दगड बसवून पुढचा हातात घेतला. मावशी शेजारी उभी राहून सांगत होती, दार इकडे, खिडकी खाडीकडे, चूल त्या कोपऱ्यात. एका माणसाच्या खोलीला तिनं तीनदा दार फिरवलं. एवढ्यात मामा आला. मागून मामी, तिच्या हातात पाण्याचा तांब्या, म्हणजे आपण सहज आलोय.

"काय चाललंय?" मामा मला म्हणाला.

"जोतं घालतोय."

"कुणाच्या जमिनीत?"

मला वाटलं थट्टा करतोय. "मावशीच्या," मी म्हणालो.

"हे बघ, मामा म्हणून सांगतो, दगड उचल. बापानं काय दिलं तिला? खाजण. हे खाजण आहे का? तूच सांग, गवंडी ना तू, खाजणात जोतं बसतं का?"

मावशीला पहिल्यांदा कळलंच नाही. ती म्हणाली, "दादा, अरे, हे तेच आहे ना."

"तेच कसं? पाणी जिथवर चढतं तिथवर तुझं. चढतं का इथं पाणी? पाणी आता तिकडे बांधाच्या बाहेर चढतं. ते तुझं. त्याच्या वरचं माझं. माझा शब्द नाही हा, बापाचा आहे."

मामी तांब्यातून घोटभर पाणी प्याली. "आमच्या पोराला घर बांधायचंच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला मागची खोली आहेच की."

असं ते आयत्या बिळावरचे नागोबा उभे होते, आणि मी हातात दगड घेऊन.

गोष्ट अर्थातच धक्क्यावर गेली. बर्फाच्या पेट्या उतरवायच्या शेडमध्ये माणसं जमली. वाटणीला हजर असलेल्यांपैकी आता नावाडीबाबाच उरले होते, म्हणून सगळं त्यांच्यावर सोपवलं. म्हातारा माणूस, डोळ्यांनी अधू, पण भरती-ओहोटी त्याला अंगातून कळायची. सरळ माणूस होता, हे मी आजही म्हणेन. सरळ माणसामुळे कधी कधी वाकड्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

बाबा म्हणाले, "शब्द माझ्या कानात आहे. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर पोरीचं. आता वाद कशाचा?"

मामा मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, मला काही नको. फक्त तिला एवढंच विचारा, त्या जमिनीवर भरती शेवटची कधी चढली?"

मावशीनं तिथं गप्प बसायचं होतं. नाहीतर म्हणायचं होतं, झिरपतं हो थोडं, उधाणाला येतं हातभर आत. प्रत्येक बांध झिरपतोच. कुणी बघायला जाणार नव्हतं. पण तिच्या बांधाबद्दल कुणी चारचौघांत विचारतंय, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तिची मान वर झाली.

"चढेल कशी?" ती म्हणाली. "माझ्या बांधाला खेकड्याचं एक भोक नाही! झडप बसल्यापासून थेंब आत आलेला नाही. कुणीही येऊन बघा. या धक्क्याचा सिमेंटचा बांध झिरपतो, माझा नाही झिरपत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.  एका पेटीतून बर्फाचं पाणी टपटपत होतं तेवढंच. मावशीनं सगळ्यांकडे पाहिलं, आणि आपण काय बोललो ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू आलं.

नावाडीबाबांनी डोळे चोळले. "पोरी, मग ते खाजण नाही राहिलं," ते म्हणाले. "तूच राहू दिलं नाहीस."

"मी केलं म्हणून माझं नाही?"

"शब्द तसा आहे. मी काय करू?"

मामा उठायला लागला. मावशी म्हणाली, "थांब दादा. बाबा, शेत त्याचं. बांध कुणाचा?"

"बांध तू घातलास. बांध तुझा."

"आणि झडप?"

"तीही तुझीच."

मागून कुणीतरी हसलं, "घे, दार तुझं, घर त्याचं!" आणि सगळे हसले. मामाही हसला. मावशीनं फक्त मान हलवली आणि पाळीवर गेली. तिची लाद्या ओढायची वेळ झाली होती.

अमावास्येच्या दिवशी सकाळी मी माझी अवजारं आणायला जोत्यावर गेलो. ओहोटी होती. मावशी झडपेपाशी चिखलात उभी राहून खुंट्या ठोकून काढत होती. मला म्हणाली, "धर रे त्या बाजूनं."

"मावशी, आज उधाण आहे."

"माहीत आहे. मी काय कालची आहे खाडीवर?"

"कांदे?"

"कांदे दादाचे," ती म्हणाली. "फळी माझी. धर."

फळी जड होती, वर्षानुवर्षं पाणी प्यालेली. आम्ही ती वर घेतली आणि जोत्याच्या दगडावर आडवी टाकली. मावशी तिच्यावर बसली, पाय पुसले, आणि खाडीकडे बघत राहिली.  पाण्याची पहिली जीभ चौकटीतून आत आली, सरीत शिरली, कांद्याच्या मुळाशी गेली. कुठं घाई नाही, आवाज नाही. ओळखीच्या घरात पाहुणा यावा तसं आलं.

मामा वरून ओरडत पळत आला. मागून मामी, या वेळी तांब्या नव्हता.

"अगं लाव! लाव ती झडप! वरपर्यंत जाईल पाणी, मध्ये बांध नाही माझा!"

"ठाऊक आहे. मी नको म्हटलं होतं."

"मग लाव ना!"

"लावते की," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "अजून घोट्याएवढं आहे, दोन माणसांनी लागेल. लावली की हे शेत. मग शेत कुणाचं दादा?"

मामाचं तोंड उघडलं. मी तुम्हाला सांगतो, 'तुझं' हा एकच शब्द त्याला बोलायचा होता. मुठीएवढे कांदे वाचले असते, वरचं शेत वाचलं असतं, आणि मावशीनं त्याच पावली उठून झडप लावली असती, कारण ती त्या शब्दाचीच वाट बघत बसली होती. माझी तर खात्री आहे, तिनं फळी काढली तीच त्यासाठी. मामानं मामीकडे पाहिलं. मामीनं पाण्याकडे पाहिलं.

"ते बघू नंतर," मामा म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाली. "मग झडपही बघू नंतर."

मामानं मला हाक मारली, "तू तरी ये रे, दोघं मिळून लावू!" पण फळीवर मावशी बसली होती, आणि तिला 'ऊठ' म्हणायची त्या दिवशी मामाचीही छाती झाली नाही. आयुष्यात एकदाच.

दुपारपर्यंत पाणी खालचं सगळं शेत झाकून जुन्या बांधाच्या जागेवरून वर चढलं आणि मामाच्या निम्म्या शेतात पसरलं. ओहोटीला उतरलं तेव्हा कांद्याच्या पाती आडव्या झाल्या होत्या आणि मातीवर पांढरी कड धरायला लागली होती.

मग धक्क्यावरच्या माणसांना नवी थट्टा सापडली. पाणी चढतं तिथवर पोरीचं, म्हणजे आता मामाचं निम्मं शेतही मावशीचं! कुणीतरी नावाडीबाबांना विचारलंसुद्धा. बाबा म्हणाले, "शब्द तसा आहे." त्यानंतर त्यांनी कुणाचाच न्याय केला नाही.

मामानं पुढे दोन-तीनदा माणसं पाठवली. झडप लाव, मग बोलू. मावशीचं उत्तर एकच, आधी बोल, मग लावते. झडप लावली की शेत मामाचं होतं, आणि काढलेली असली की खाजण मावशीचं. एकाला विश्वास नव्हता, दुसरीला विश्वास ठेवायची सवय नव्हती राहिली. मामाला जुना बांध पुन्हा घालायचा होता, तर मावशी म्हणाली, घाल की, पण माझ्या खाजणात पाय न टाकता घाल. चिखलाशिवाय बांध कसला घालतोय! पुढच्या पावसापर्यंत तिच्या बांधालाही तोंडापासून खिंडार पडलं आणि हळूहळू समुद्रानं आपला चिखल परत नेला. मामाच्या पोरानं शहरात घर केलं, मामा-मामी तिकडे गेले. मागची खोलीच काय, पुढचं घरही बंद झालं.

मावशीनं शेवटपर्यंत बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये दिवस काढले. दोन रिकाम्या पिंपांवर ती झडप टाकलेली होती, तीच तिची खाट. मालकाचा माणूस सकाळी पिंपं मोजायला यायचा आणि म्हणायचा, "मावशी, उठा जरा."

मी एकदा तिला भेटायला गेलो होतो. संध्याकाळची भरती होती. दोघं धक्क्याच्या टोकाला उभे राहिलो. समोर तिचं खाजण, पूर्वी होतं त्याच्या दीडपट, आणि मधोमध माझ्या जोत्याचे चार दगड पाण्याबाहेर डोकं काढून होते.

"मावशी," मी म्हणालो, "केवढी जमीन झाली गं तुझी."

"हो ना," ती म्हणाली. "आणि तिथून मला कुणी ऊठ म्हणत नाही."

मी हसलो, तीही हसली. मग जोत्याचे दगड पाण्याखाली जाईपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणतील कसे? बसायला जागाच नाही."